मडकं

देवगडच्या बंदरावर बर्फाला काय तोटा!
लादी फोडायची, भुगा सुरमईवर,
सुरमईवर पुन्हा भुगा.
बर्फावर आमचा देवाइतका भरवसा.
म्हणून इन्सुलिनची पहिली बाटली आली तेव्हा
पिशवीत बांधून मी ती पेटीत ठेवली,
सगळ्यात गार कोपऱ्यात.

सकाळी दगड झालेली.

ओरोसच्या सिस्टर आचरेकर म्हणाल्या,
"गोठलं की गेलं. मासा नाही तो."
ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.
मग वही उघडून विचारायला लागल्या:
शमिका रात्री किती वेळा उठायची लघवीला,
वजन कधीपासून उतरलं,
मे महिन्यातल्या तापाला काय दिलं होतं.
मी दाराकडे पाहिलं.
दीक्षिता बाहेर केसपेपरच्या रांगेत.
सात वर्षांची माझी पोर,
आणि मला ट्रॉलरच्या इंजिनात
ऑइल कधी बदललं ते तारखेसकट तोंडपाठ.

आठ दिवस पाण्यात, दोन दिवस घरी.
दोन दिवसांचा बाप म्हणजे पाहुणा.
पाहुण्याने जत्रेतला खाजा आणावा,
पोरीला खांद्यावर घ्यावं,
दुखणीखुपणी विचारू नयेत.
हा रिवाज कोणी घातला ठाऊक नाही,
मला मात्र सोयीचा होता.

मडक्यात मडकं, मधे वाळू,
सकाळ-संध्याकाळ वाळूवर तांब्याभर पाणी.
वीज दोन दिवस गेली तरी आत गारवा,
गोठण्याइतका नाही, पुरण्याइतका.
वाळू मीच आणली किनाऱ्यावरून,
तीनदा धुतली खारटपणा जाईपर्यंत.
शेजारच्या काकी बघून हसल्या.

सुई धरली त्या दिवशी
शमिका भिंतीला चिकटून म्हणाली, "पयलो तू."
मी बनियन वर करून
रिकामी सुई पोटात टोचली.
"दुखला?"
नाही म्हणणार होतो.
"दुखला. वायच."
मग तिने फ्रॉक वर केला, डोळे मिटले,
आणि माझा हात,
जो जाळ्यात अडकलेली नांगी बिनधास्त सोडवतो,
तो थरथरला.

ट्रॉलर सोडला. आता कांडाळ घेऊन
जवळच्या जवळ, रात्री घरी.
तांडेल म्हणाला, "बायल आसा मां घराक?"
म्हटलं, "आसा. पण तिकाय झोप येता."
पैसे कमी पडतात. ते इथे लिहीत नाही,
त्याची वही वेगळी.

ही डिझेलची जुनी वही,
मागून लिटर, पुढून साखर.
रात्री दोन वाजता अठ्ठावन्न.
ओठ पांढरे, बोलणं जडावलेलं.
तीन चमचे साखर पाण्यात ढवळली,
मानेखाली हात घालून पाजली,
आणि मग पंधरा मिनिटं.
वाऱ्यात इंजिन बंद पडल्यावरही
पंधरा मिनिटं एवढी मोठी नव्हती.
दीक्षिता घड्याळ धरून, मी बोट धरून.
चौऱ्याण्णव.
दोघं तिथेच जमिनीवर बसलो.
कोणी काही बोललं नाही. लिहिलं फक्त.

परवा ओपीडीत नवे डॉक्टर होते.
माझ्यावरून नजर पलीकडे टाकत म्हणाले,
"आईला बोलवा."
आई काजूच्या कारखान्यात, पहिली पाळी.
शमिकानेच वही टेबलावर सरकवली,
डिझेलचा वास त्यांच्या नाकापर्यंत गेला असणार.
पानं उलटत थांबले.
"हे अठ्ठावन्न कशाने?"
सांगितलं: मंगळवार होता,
शाळेत खो-खोची निवड होती,
रात्री अर्धीच भाकरी खाल्ली
आणि मी डोस पूर्ण भाकरीचा दिला.
चूक माझी.
त्यांनी पेन उचललं,
आणि पुढचा प्रश्न मला विचारला.

परतीच्या एसटीत ती मांडीवर झोपली.
ऑक्टोबर, खिडकीतून येतो तो वाराही तापलेला.
मानेला हात लावला, तर ओली.
घाम उकाड्याचा की साखरेचा,
बोटांना अजून कळत नाही.
पिशवीतून यंत्र काढलं.
"परत?" ती डोळे न उघडता म्हणाली,
आणि करंगळी पुढे केली.